पगार ३ लाख ४० हजारांनी वाढतोय, पण आण्णांचा मेडिक्लेम सुटतोय. काय करावं?

मोशीचा_मावळा:

मंडळी, गेले आठ दिवस झोप नीट नाही. लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

वय ३८. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. ३ ऑगस्ट २०२१ ला लागलो. सीटीसी, म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा सगळा खर्च, ११ लाख २०, बेसिक महिना ४६,८००, पीएफ पूर्ण बेसिकवर कापतात. कंपनीची बस आहे. कँटीनमध्ये दहा रुपयांत जेवण मिळतं, आणि गुरुवारची मिसळ खरंच चांगली असते. आठवडा सहा दिवसांचा.

आता हिंजवडीत बॅटरी पॅक बनवणाऱ्या एका नव्या कंपनीची ऑफर आलीय. माणसं साठेक, सीटीसी १४ लाख ६०, त्यातले दीड लाख 'व्हेरिएबल', म्हणजे कामगिरीवर मिळतील न मिळतील असे. शनिवार-रविवार सुट्टी. पद वरचं आहे, काम आवडीचं आहे आणि मुलाखत घेणारा साहेब हुशार वाटला. बायको म्हणते घे. मित्र म्हणतात, यात विचारायचं काय?

अडकलोय ते एकाच जागी. माझे आई-वडील पाटण तालुक्यात गावी असतात. २०२२ च्या दिवाळीनंतर आण्णांच्या छातीत दुखलं, कऱ्हाडला नेलं आणि दोन स्प्रिंगा (स्टेंट) टाकल्या. बिल झालं २ लाख ३८ हजार. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आई-वडील आहेत, ५ लाखांचं कव्हर आहे आणि आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरलेले आहेत. माझ्या खिशातून गेले ११ हजार, तेही हातमोजे, सिरिंज असल्या किरकोळ सामानाचे. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर उभा होतो, शेजारचा माणूस फोनवरून कुणाला तरी सोनं गहाण ठेवायला सांगत होता. ते काही डोक्यातून जात नाही.

नव्या कंपनीचा मेडिक्लेम ३ लाखांचा. मी, बायको, मुलगी, बस्स. एचआरला आई-वडिलांचं विचारलं, तर ती पोरगी हसून म्हणाली, "सर, अवर टीम इज व्हेरी यंग." टीम असेल यंग, माझे आण्णा नाहीत ना!

आण्णांना साखर १२ वर्षांपासून. आईला बीपीची एक गोळी आणि गुडघे. आईचं वय ६४. आण्णांचं आधारवर ६९, जन्मतारीख १ जून १९५६. आमच्याकडं त्या पिढीत निम्मं गाव १ जूनलाच जन्मलंय, गुरुजींची कृपा. आजी सांगायची की हा भाताच्या लावणीत झाला, म्हणजे खरी तारीख आषाढातली कुठली तरी.

नोटीस ६० दिवसांची. परवा राजीनामा दिला तर १२ मार्चला सुटतो. नव्या कंपनीला मी १६ मार्चला हवाय.

माझे प्रश्न असे: आण्णांना बाहेर पॉलिसी कोण देईल का? दिली तर परवडेल का? आणि हे सगळं धरून ही वाढ खरंच वाढ आहे का, का मी उगाच घाबरतोय?

बिनधास्त_बंड्या:

भावा, उडी मार. ३० टक्के वाढ रोज मिळत नाही. आई-वडिलांसाठी बाहेरून ५-१० लाखांची पॉलिसी घे, वाढीतनं भर. आणि नोकरी सोडताना कंपनी देते त्या ग्रॅच्युइटीची काळजी नको, नवीन कायद्यात एका वर्षात मिळते.

एमआयडीसीतली_माई:

बंड्या, अर्धवट वाचून दुसऱ्याला उडी मारायला लावू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात एका वर्षाची ग्रॅच्युइटी आहे ती ठरावीक मुदतीच्या करारावर असलेल्यांना. कायम नोकरीवाल्यांना पाच वर्षंच. गेल्या दोन महिन्यांत आमच्या ऑफिसात या एका गैरसमजावर सात जण येऊन गेले.

मोशीकर, मी चौदा वर्षं एचआरमध्ये आहे, आधी भोसरी, आता तळेगाव. तुमचे आकडे घेऊन बसले. नव्या ऑफरचं बेसिक तुम्ही दिलेलं नाही, ते सीटीसीच्या निम्मं धरलंय. पीएफ ते बहुधा महिना १,८०० च कापतील, अशा नव्या कंपन्या तेच करतात. विम्याचा हप्ता सीटीसीत दाखवलाय का ते बघा. दाखवतातच, १८ हजार धरते.

आता गंमत बघा. आज तुम्हाला इन्कम टॅक्स शून्य आहे. नव्या पद्धतीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर लागत नाही आणि तुम्ही त्याच्या आत आहात. नव्या नोकरीत व्हेरिएबल पूर्ण मिळालं तर तुम्ही त्याच्या वर जाता आणि साधारण ७९,६०० रुपये कर बसतो. सीटीसीतली ग्रॅच्युइटी ८ हजारांनी वाढते, ती आत्ता हातात येत नाही. विम्याचे १८ हजार जातात. म्हणजे ३ लाख ४० मधले उरले २ लाख ३४ हजार. व्हेरिएबल अजिबात नाही मिळालं तर कर पुन्हा शून्य, पण वाढ १ लाख ६४ हजारांवर येते. सरकार आणि मालक दोघंही तुमच्या व्हेरिएबलवर डोळा ठेवून आहेत म्हणायचं.

महिन्याच्या खात्यात फरक याहून मोठा दिसेल, कारण पीएफ कमी कापला जाईल. ती वाढ नव्हे. ते तुमचेच साठणारे पैसे आता हातात येणार, आणि हातात आले की काय होतं ते आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

बस सुटली. मोशी ते हिंजवडी रोज, पेट्रोल आणि गाडीची झीज धरून महिना साडेचार हजार तरी. जेवणाचे दीड हजार. वर्षाचे ७२ हजार झाले. राहिले १ लाख ६२. त्यातून आई-वडिलांचा हप्ता भरायचा.

आणि ग्रॅच्युइटी. तुमचं बेसिक भागिले २६ म्हणजे १,८००, गुणिले १५ म्हणजे वर्षाला २७ हजार. पाच वर्षांचे १ लाख ३५ हजार. १२ मार्चला गेलात तर यातला एक रुपया मिळत नाही. पण चार वर्षं पूर्ण आणि पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तर पाच वर्षं धरावीत, असा मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे. पाच दिवसांचा आठवडा असेल तिथे १९० दिवस. तुमचे २४० दिवस कॅलेंडरनं ३० मार्चला भरतात. अठरा दिवसांसाठी सव्वा लाखाच्या वर पैसे सोडताय! फक्त एक लक्षात ठेवा, सगळ्या कंपन्या हा निकाल मानत नाहीत, आणि बिनपगारी रजा झाल्या असतील तर त्या वजा होतात. त्यामुळे तुमच्या एचआरला तोंडी विचारू नका, ईमेल करा. राजीनामा देण्याआधी करा. नंतर आमच्या जमातीला उत्तर द्यायला फार वेळ लागतो.

रंकाळ्याचा_राजू:

माई, हिशोब झकास. मी फक्त त्या ३ लाखांच्या पॉलिसीबद्दल बोलतो, कारण मी तिथं पोळलोय.

मोशीकर, खोलीभाड्याची मर्यादा बघा. माझ्या आधीच्या कंपनीत होती विम्याच्या १ टक्का, म्हणजे ३ लाखांवर दिवसाला ३ हजार. मिसेसचं पित्ताशयाचं ऑपरेशन कोल्हापुरात झालं. ३ हजारांची खोली रिकामी नव्हती, ६ हजारांची घेतली, म्हटलं वरचे तीन हजार आपण भरू, चार दिवसांचे बारा हजार. बिल १ लाख ६४ हजार. माझ्या खिशातून गेले ६३ हजार!

कारण खोली दुप्पट घेतली म्हणून खोलीबरोबर डॉक्टर, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळं निम्मं धरलं. ९२ हजारांचे ४६ मिळाले. औषधं आणि तपासण्या यांना ही कात्री लावता येत नाही, ते ४८ मधले ५ हजारांचं किरकोळ सामान सोडून मिळाले. डेस्कवरचा माणूस शांतपणे म्हणाला, "साहेब, जनरल वॉर्डात राहिला असता तर सगळं मिळालं असतं." असं ॲडमिट व्हायच्या आधी सांगत नाहीत हे लोक.

तर ऑफर लेटरमध्ये '३ लाखांचा ग्रुप मेडिक्लेम' एवढंच लिहिलेलं असतं. त्यावर जाऊ नका. पॉलिसीची प्रत मागा.

मोशीचा_मावळा:

माई, तुमचा हिशोब बायकोला वाचून दाखवला. ती दोन मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली, "आणि शनिवार?" शनिवारची किंमत तुम्ही धरली नाहीत हे तिचं बरोबर आहे. मुलगी चार वर्षांची आहे, शनिवारी शाळेतून आणायला कायम तिचे आईकडचे आजोबा नाहीतर शेजारी.

बेसिक ६१ हजारांच्या जवळ आहे, पीएफ १,८०० च. विम्याचा हप्ता सीटीसीत आहे, १८ हजार २००! तुम्ही काय त्यांच्या ऑफिसात बसता काय?

राजूभाऊ, प्रत मागितली. खोलीला १ टक्काच आहे.

मोशीतल्या एका एजंटकडे जाऊन आलो. दोघांचे मिळून ७८ हजार सांगितले ५ लाखांना, त्यात आण्णांसाठी २० टक्के आपण भरायचे. वर हळूच म्हणाला, स्प्रिंगा लिहू नका, साखरही नको, तीन वर्षं काढली की कोण बघतं. लिहायचं नाही का खरंच?

डेस्कवाली:

लिहायचं. दादा, लिहायचंच.

मी पुण्यातल्या एका हॉस्पिटलच्या मेडिक्लेम डेस्कवर नऊ वर्षं आहे. राजूभाऊ, तुमच्या डेस्कवाल्याच्या वतीनं माफी मागते, पण ॲडमिशनच्या वेळी आम्ही सांगत असतो आणि नातेवाईक म्हणतात, "एसी पाहिजे."

तो एजंट जे सांगतोय त्याचा शेवट मी महिन्यातून दोनदा बघते. पेशंट येतो, ड्यूटीवरचा डॉक्टर विचारतो, साखर कधीपासून? म्हातारा माणूस खरं बोलतो, बारा वर्षं. डॉक्टर केसपेपरवर लिहितो 'के/सी/ओ डीएम, १२ वर्षं', म्हणजे बारा वर्षांचा मधुमेह. तो कागद स्कॅन होऊन टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणाऱ्यांकडे जातो. पॉलिसी दोन वर्षांची, साखर बारा वर्षांची, फॉर्मवर 'काही नाही'. क्लेम नामंजूर, वर पॉलिसी रद्द. मग घरचे डॉक्टरांना म्हणतात, तेवढं खोडा. एजंट तोवर फोन उचलत नाही. सलग पाच वर्षं पॉलिसी चालल्यावर कंपनीला जुन्या गोष्टी उकरून क्लेम नाकारता येत नाही, पण फसवणूक सिद्ध झाली तर तेही संरक्षण नाही. आणि पाच वर्षं आण्णांचं हृदय थांबणार आहे का?

आता कामाचं. तुमच्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम ज्या विमा कंपनीचा आहे, त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते. नोकरी सोडताना, कव्हर संपायच्या आत अर्ज करायचा. ग्रुपमध्ये काढलेली वर्षं प्रतीक्षेच्या काळात धरतात. नव्या पॉलिसीत आधीच्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, आधी चार होती, एप्रिल २०२४ पासून तीन केली. आण्णा ग्रुपमध्ये चार वर्षांच्या वर आहेत. म्हणजे हिशोबानं ५ लाखांपर्यंत त्यांना थांबावं लागू नये. कंपनी तपासण्या करते, हप्ता त्यांच्या दरानं लावते, हो म्हणेलच असं नाही. पण रस्त्यावरच्या एजंटाकडून कोरी पॉलिसी घेण्याच्या आधी हे दार ठोठवा. आमच्याकडे येणाऱ्या दहांतल्या नऊ जणांना असं दार असतं हेच माहीत नसतं, आणि कळतं तेव्हा नोकरी सोडून दोन महिने झालेले असतात.

आईंचं वेगळं. एक बीपीची गोळी म्हणजे कंपन्या सहसा देतात. त्यांची पॉलिसी नोकरी बदला न बदला, आजच घ्या. गुडघ्यांच्या ऑपरेशनला बहुतेक ठिकाणी दोन वर्षं थांबावं लागतं, ते घड्याळ आत्ताच सुरू होऊ दे. तोवर ग्रुप आहेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक मेडिक्लेमवरचा १८ टक्के जीएसटीही गेलाय, एजंटानं हप्त्यात तो धरला नाही ना ते बघा.

आणि गुरुजींना मनातल्या मनात नमस्कार करा. १ जूनला आण्णा कागदोपत्री ७० पूर्ण करतात. सत्तरच्या वरच्यांना आयुष्मानचं वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाख, उत्पन्नाची अट नाही, वय आधारवरचं धरतात. खासगी मेडिक्लेम असला तरी काढता येतं. तोपर्यंत महात्मा फुले योजना आहे, आता पांढऱ्या रेशनकार्डालाही. पण कऱ्हाडचं तुमचं ते हॉस्पिटल यादीत आहे का, आणि हृदयाच्या कामासाठी आहे का, हे तिथल्या आरोग्यमित्राला प्रत्यक्ष भेटून विचारा. यादीत नाव असणं आणि त्या विभागाचं नाव असणं यात फरक असतो.

बिनधास्त_बंड्या:

बरं बुवा, ग्रॅच्युइटीचं चुकलं माझं. पण सगळ्यांनी मिळून त्याला तिथंच डांबून ठेवू नका. सध्याची कंपनी उद्या म्हणाली की पुढच्या वर्षीपासून आई-वडील कव्हरमधून बाहेर, तर? आमच्याकडं असंच झालं. एप्रिलच्या रिन्यूअलला एक ईमेल आला, चार ओळींचा.

एमआयडीसीतली_माई:

बंड्या, हे मात्र लाखातलं बोललात. दर वर्षी रिन्यूअलच्या मीटिंगला विमावाले क्लेमचे आकडे घेऊन येतात, आणि हप्ता वाढला की आधी आई-वडिलांवर हात पडतो. कधी कव्हर कमी, कधी २० टक्के तुम्ही भरा, कधी पूर्ण बाहेर. मी स्वतः असे ईमेल टाइप केलेत, माझे आई-वडील त्याच यादीत असताना. म्हणून डेस्कवालीचं म्हणणं मी डोळे झाकून मान्य करते. आईंची पॉलिसी आणि आण्णांचा अर्ज याचा नव्या नोकरीशी संबंधच लावू नका.

अजून एक, मोशीकर. दुसऱ्या मुलाचा विचार असेल आणि बायको स्वतः नोकरी करत असेल, तर तिनं मात्र इतक्यात बदलू नये. बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा मिळायला त्या मालकाकडे आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं लागतं.

मोशीचा_मावळा:

माई, एकच पुरे झाली, दिवसाला शंभर प्रश्न विचारते.

नवीन काय घडलं ते सांगतो.

आमच्या एचआरला ईमेल केला. तीन दिवसांनी उत्तर आलं: "कंपनीच्या धोरणानुसार पाच वर्षे पूर्ण झालेली असावीत." २४० दिवसांचं नावच नाही. निकालाचा उल्लेख करून परत लिहिलं, अजून शांतता. कोर्टात जाऊन मिळेलही, पण १ लाख ३५ हजारांसाठी पुण्याच्या कामगार आयुक्तांकडे हेलपाटे घालण्याइतका माझ्यात दम आहे का, माहीत नाही.

मग नव्या कंपनीच्या साहेबाला थेट फोन लावला, त्या पोरीला नाही. सगळं मोकळं सांगितलं. म्हटलं, ऑगस्टपर्यंत थांबता का? नाही म्हणाला, लाइन मे महिन्यात सुरू होतेय. पण ग्रॅच्युइटीपोटी जॉइनिंग बोनस १ लाख द्यायला तयार झाला, वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा. आई-वडिलांचं म्हणाला, विमा जूनमध्ये नवा होतो तेव्हा ज्यांना हवं त्यांनी आपल्या पैशानं आई-वडील घालायची सोय करू, पण त्यासाठी निदान पंधरा जण तयार पाहिजेत. साठ यंग माणसांत पंधरा. मी म्हटलं, सर, त्यांचे आई-वडील यंग नसतील. हसला. माझी जॉइनिंगची तारीख ३ एप्रिलवर नेली.

राजीनामा अजून दिला नाही. आईची पॉलिसी काल घेतली, फॉर्मवर बीपी लिहिलं, गुडघेही लिहिले. आण्णांचा अर्ज ग्रुपवाल्या विमा कंपनीकडे गेला, स्प्रिंगा आणि बारा वर्षांची साखर सगळं मांडून, कऱ्हाडच्या डिस्चार्ज कार्डासकट. एजंटाला सांगितलं तर म्हणाला, तुमची मर्जी.

शुक्रवारी कऱ्हाडला त्यांची तपासणी आहे. ईसीजी, टू-डी इको, रक्त. विमा कंपनीचं उत्तर आलं की राजीनाम्याचं ठरवणार, त्याआधी नाही. आण्णांना फोन करून बजावलंय की उपाशीपोटी यायचं. आत्ता दुसऱ्यांदा फोन आला होता, विचारत होते बिनसाखरेचा चहा चालतो का.